एनएडीचं सलाईन लावून घ्यावं का? एका फिजिशियनचं सविस्तर उत्तर

प्रश्न: मी ४८ वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. बरीच वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. वर्षभरापासून सकाळी उठतानाच थकल्यासारखं वाटतं आणि दुपारनंतर डोकं चालत नाही. बाणेरच्या एका वेलनेस क्लिनिकने ‘एनएडी प्लस’ सलाईनचं सहा बाटल्यांचं पॅकेज सुचवलं आहे. ते म्हणतात की वयाबरोबर पेशींमधलं हे को-एन्झाइम कमी होतं आणि थेट शिरेतून दिलं की ताकद परत येते. सोबत व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोनही देणार आहेत. वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे, त्यांनाही फार थकवा असतो. दोघांनी घ्यावं का? घ्यायचं ठरवलं तर काय विचारून घ्यावं?

उत्तर: पॅकेजचे पैसे आत्ता भरू नका. तुमच्या चार ओळींतच थकव्याच्या दोन-तीन कारणांच्या खुणा दिसतात आणि ती कारणं साध्या तपासण्यांत सापडतात. त्यांच्याकडे येतोच, पण आधी त्या बाटलीत काय आहे ते पाहू. क्लिनिकने तुम्हाला सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे आणि उरलेल्या निम्म्याला अजून पुरावा नाही.

एनएडी म्हणजे निकोटिनामाइड ॲडेनाइन डायन्युक्लिओटाइड, एन्झाइमांना (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) मदत करणारा रेणू. १९०६ मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या रसात तो पहिल्यांदा जाणवला. पुढे हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांनी त्यावर काम केलं आणि हार्डन व ऑयलर-केल्पिन यांना १९२९ चं नोबेल मिळालं. आपण खातो त्या अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन उचलून मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागापर्यंत, पोहोचवणं हे त्याचं मुख्य काम. शिवाय डीएनएची दुरुस्ती करणारे काही एन्झाइम एनएडी वापरूनच चालतात. त्यामुळे तो आवश्यक आहे का, हा प्रश्नच नाही. त्याच्याशिवाय एकही पेशी जगत नाही.

वयानुसार तो कमी होतो, हे उंदरांमध्ये बऱ्यापैकी स्पष्ट दिसलेलं आहे. माणसांत काही ऊतींमध्ये घट दिसते, काहींमध्ये फारशी दिसत नाही. पण समजा तुमच्यात तो थोडा कमी झालाय. तरी ‘कमी झालाय’ आणि ‘तो कमी झाल्यामुळेच थकवा येतोय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे ‘शिरेतून भरला की थकवा जाईल’. जाहिरातीत या तिन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. प्रत्येकीचा पुरावा मात्र स्वतंत्रपणे मागावा लागतो.

शिरेतून दिलेला एनएडी रक्तात जातो. पेशीच्या आत जाणं हे पुढचं काम, आणि अडचण तिथेच आहे. हा रेणू मोठा असतो, त्यावर विद्युतभार असतो, पेशीच्या पडद्यातून तो सहज आत शिरत नाही. रक्तात आणि पेशींच्या बाहेरच्या बाजूला असलेले एन्झाइम त्याचे तुकडे करतात. त्यातला निकोटिनामाइड आत जातो आणि पेशी त्यापासून पुन्हा स्वतःचा एनएडी बनवते. निकोटिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत तो असतो, शेंगदाण्यात, मासळीत आणि चिकनमध्ये बी-३ भरपूर असतं. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासूनही शरीर थोडा एनएडी तयार करतं. म्हणजे चार तास सुई टोचून घेऊन जे शिरेत जातं, त्याचा बराचसा भाग पेशीपर्यंत पोहोचतो तो अशा साध्या रूपात.

माणसांवरच्या अभ्यासांबद्दल बोलायचं तर शिरेतून एनएडी दिल्यावर रक्तात काय होतं याचा एक छोटा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ निरोगी पुरुष होते. आठ जणांना सहा तासांत ७५० मिलिग्रॅम एनएडी दिला, तिघांना साधं सलाईन. पहिले दोन तास प्लाझ्मामधली (रक्तातल्या द्रवातली) एनएडीची पातळी वाढलीच नाही, नंतर वाढली. शरीर तो किती झपाट्याने मोडतं किंवा उचलतं याची त्यावरून कल्पना येते. पण थकवा गेला का, तरतरी आली का, हे शोधायला तो अभ्यास केलेलाच नव्हता. थकवा किंवा वार्धक्य यांसाठी एका गटाला एनएडी, दुसऱ्याला साधं सलाईन आणि कोणाच्या बाटलीत काय आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही नि डॉक्टरलाही नाही, अशी पुरेशी मोठी चाचणी अजून झालेली नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथल्या औषध नियामक संस्थेनेही) कुठल्याच आजारासाठी या इंजेक्शनला मंजुरी दिलेली नाही.

तोंडाने घ्यायच्या नातलग औषधांवर जास्त काम झालंय आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ लोकांवर चाचणी झाली. निकोटिनामाइडची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, वर्षभर. मेलॅनोमा (त्वचेचा एक घातक कर्करोग) सोडून त्वचेचे इतर कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि गोळी थांबवल्यावर फायदाही थांबला. २०२१ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांना एनएमएन हे एनएडीचं पूर्वद्रव्य (ज्यापासून शरीर एनएडी बनवतं ते) दहा आठवडे दिलं, तेव्हा स्नायूंची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली. अभ्यास लहान होता, पण नीट केलेला. उलट बाजूही आहे. २०२४ मध्ये असं दिसलं की बी-३ जास्त झाल्यावर तयार होणारी काही द्रव्यं ज्यांच्या रक्तात अधिक असतात, त्यांच्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आढळतात. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण ‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल’ असं बेफिकीरपणे म्हणता येत नाही.

एनएडीची खरीखुरी कमतरता कशी असते, तेही आपल्या दख्खनच्या वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. तिचं नाव पेलाग्रा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती आणि हाताच्या पाठीवर काळपट, खरखरीत चट्टे येतात, जुलाब होतात, मग बुद्धीवर परिणाम होतो. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, विशेषतः सी. गोपालन यांनी, ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये हा आजार अभ्यासला. (हे वाचून भाकरी सोडू नका. सोबत डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी असेल तर काही होत नाही. त्या माणसांच्या ताटात दुसरं काही नव्हतं, हे त्यामागचं दुःख आहे.) आज पेलाग्रा दिसलाच तर बहुधा दारूच्या आहारी गेलेल्या माणसात किंवा क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्या कुपोषित रुग्णात. आणि उपचार? निकोटिनामाइडच्या गोळ्या, दिवसाला ३०० मिलिग्रॅम विभागून, तीन-चार आठवडे. एनएडी खरोखर संपत आलेल्या माणसालाही एनएडीची बाटली लागत नाही.

आता तुमच्या थकव्याकडे येऊ, कारण माझ्या मते हा प्रश्नाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं. त्यात शाकाहारी असाल किंवा ॲसिडिटीसाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी रोज घेत असाल, तर शक्यता आणखी वाढते. पुण्यात माझ्याकडे ‘डोकं चालत नाही’ म्हणत येणाऱ्यांमध्ये हे कारण वारंवार सापडतं. मी आधी पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क वाजवून ठेवतो आणि विचारतो, थरथर कळतेय का? डोळे मिटलेला माणूस म्हणतो, ‘काहीतरी टेकवलंय.’ थरथर त्याला जाणवतच नाही. तोच फोर्क मनगटाच्या हाडावर ठेवला की लगेच मान हलवतो. मधुमेहामुळेही असं होतं, म्हणून बी-१२ रक्तात मोजावंच लागतं. कमी निघालं तर त्याची इंजेक्शनं किंवा गोळ्या अगदी स्वस्त आहेत.

दुसरं, तुम्ही ‘सकाळी उठतानाच थकल्यासारखं’ असं लिहिलंय. हे शब्द ऐकले की मी बरोबर आलेल्या बायकोकडे वळतो आणि घोरण्याबद्दल विचारतो. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, दचकून जाग येते का, गाडी चालवताना डुलकी लागते का? स्लीप ॲप्निया असेल तर रात्रभर मेंदू पुन्हा पुन्हा जागा होत असतो आणि सात-आठ तास अंथरुणात काढूनही माणूस शिणलेलाच उठतो. त्यासाठी झोपेची तपासणी आहे, ती आता घरीही करता येते. रोज हिंजवडीच्या वाहतुकीत गाडी चालवत असाल तर याचं उत्तर मिळायला उशीर नको.

बाकीच्या तपासण्या थोडक्यात सांगतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), यकृताच्या चाचण्या, व्हिटॅमिन डी. वजन आपोआप उतरत असेल किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असेल तर छातीचा एक्स-रे. आणि मन लागत नाही, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटतात असं असेल तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा. नैराश्याचा पहिला शब्द कित्येकदा ‘थकवा’ हाच असतो. क्लिनिकमध्ये ‘एनएडी लेव्हल’ची महागडी चाचणी सुचवली तर तिच्यावर पैसे घालवू नका. हा रेणू नमुन्यातच मोडू लागतो आणि तिचा आकडा किती असला म्हणजे ‘कमी’ म्हणायचं, यावर एकमत नाही.

गेल्या काही वर्षांतली एक बाई आठवते. सिंहगड रस्त्याला राहणारी, चाळिशीतली, शिक्षिका. महिन्याला एक ‘एनर्जी ड्रिप’ घ्यायची. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा जैसे थे. बोलता बोलता तिने पर्समधून थर्मास काढला आणि बर्फाचा खडा तोंडात टाकला. दिवसभर चघळते म्हणाली, आवडतो. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली कड जवळजवळ पांढरी. लोह संपलेल्या माणसाला बर्फ, माती, खडू खावासा वाटतो, हे जुनं निरीक्षण आहे. हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघालं. गर्भाशयात फायब्रॉइड (कर्करोग नसलेली गाठ) होता, पाळी दहा-दहा दिवस चालायची आणि ‘या वयात असंच असतं’ म्हणून तिने कोणाला सांगितलंच नव्हतं. तिलाही शेवटी सलाईनमधूनच औषध दिलं, पण ते लोहाचं. ते कशासाठी, किती आणि कधी थांबवायचं, हे आकड्यांनी ठरलेलं होतं. म्हणून सांगतो, शिरेतून औषध देण्याला माझा विरोध नाही. कारण न शोधता दिलेल्या बाटलीला आहे, कारण दोन दिवस बरं वाटत राहतं आणि आजार मागे तसाच वाढत राहतो.

बरं का वाटतं? आपल्याकडे ‘अंगात त्राण नाही, एक बाटली चढवा’ ही मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिच्यामागे खरी अगतिकता असते. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण एका पोळीइतकी ऊर्जा. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पण शांत खोलीत तीन-चार तास आडवं पडायला मिळतं, फोन बाजूला असतो, कोणीतरी येऊन हाताला हात लावून विचारपूस करतं. त्या बरं वाटण्याला मी खोटं म्हणत नाही. त्याचं श्रेय बाटलीतल्या रेणूला द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

एनएडी भराभर सोडला की मळमळ, पोटात पेटके, छातीवर दाब आल्यासारखं वाटणं, धडधड, चेहरा तापणं, डोकेदुखी आणि घाबरल्यासारखं होणं हे त्रास होतात. वेग कमी केला की ते बहुधा ओसरतात. म्हणून वेग स्वतः पाहायला शिका. आपल्याकडच्या नेहमीच्या आयव्ही सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. अर्धा लिटर चार तासांत जायचं असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडायला हवेत. घड्याळ लावून मोजा. पुढचा पेशंट थांबलाय म्हणून कोणी चाकी सैल केली तर तुम्हाला लगेच कळेल. आणि मधुमेही माणसाच्या छातीवर दाब आला तर ‘हे एनएडीने होतंच’ असं म्हणून गप्प राहू नका. बाटली थांबवायला सांगा, ईसीजी काढायला सांगा.

त्याहून मोठी काळजी मला बाटलीत मिसळल्या जाणाऱ्या पावडरीच्या शुद्धतेची वाटते. तोंडाने खायच्या दर्जाची पावडर आणि शिरेत द्यायच्या दर्जाचं औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावडरीत मेलेल्या जंतूंच्या कवचाचे अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, राहू शकतात. पोटात गेले तर सहसा काही होत नाही. रक्तात गेले की तासाभरात हुडहुडी भरते, ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. जंतू अडवणाऱ्या नेहमीच्या बारीक गाळणीतूनही ते पार जातात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशाच प्रकारे बनवलेल्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांबद्दल इशारा दिला होता. त्यात एंडोटॉक्सिनचं प्रमाण जास्त होतं आणि रुग्णांना उलट्या, थंडी, रक्तदाब उतरणं, श्वासाला त्रास असं झालं होतं.

म्हणून क्लिनिकमध्ये पहिली विनंती करा: ‘मला व्हायल दाखवा.’ तिच्यावर उत्पादकाचं नाव, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. बाहेरून आणलेली असेल तर आयात परवान्याचा क्रमांक हवा. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेली किंवा साधं चिकटवलेलं लेबल असलेली बाटली शिरेत जाऊ देऊ नका. तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग विचारा, डॉक्टर कोण, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, आणि पूर्ण वेळ ते इमारतीत असणार आहेत की फोनवर. ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन, रक्तदाबाचं यंत्र कुठे ठेवलंय ते दाखवायला सांगा. ज्यांना दाखवायला लाज वाटत नाही, त्यांच्याकडे ते असतं. काय दिलं, किती दिलं, किती वेळात दिलं, हे लेखी मागा आणि बिलही घ्या. शंकास्पद औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, तेव्हा हेच कागद आणि तोच फोटो लागतो. ऑनलाइन मागवलेली पावडर घरी स्वतः टोचून घेण्याचा प्रकार तर अजिबात नको.

सोबतच्या व्हिटॅमिन सीबद्दल तुम्हाला खास सांगायला हवं, कारण हे मधुमेह्यांना बऱ्याचदा कोणी सांगत नाही. शिरेतून मोठा डोस घेतल्यावर काही तास अनेक ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात. ती पाहून कोणी इन्सुलिन वाढवलं तर खरी साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. जी६पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या लाल पेशी या डोसने फुटू शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्यात ऑक्झलेट साचून ते निकामी होऊ शकतं. ग्लुटाथायोन थकव्यासाठी देण्याला मला काही आधार सापडत नाही.

कर्करोगावर उपचार चालू असलेल्यांनी एनएडीच्या वाटेला जाऊ नये. अनेक गाठींच्या पेशी एनएडी तयार करणारा एक एन्झाइम जास्त प्रमाणात वापरतात, आणि तो रोखणारी औषधं कर्करोगाविरुद्ध तपासली गेली आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये सुरक्षिततेची माहिती नाही. दारू सोडवण्यासाठीही हे सलाईन विकलं जातं. त्याचं मूळ १९६१ मधल्या अमेरिकेतल्या एका अहवालात आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि देखरेख लागते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती संस्था आहे, मोठ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. त्या माणसाला तिथे न्या.

हे सगळं समजून, तपासण्या करून, कारणं दूर करूनही तुम्हाला एकदा घेऊनच पाहायचं असेल, तर तो तुमचा हक्क आहे. पण पॅकेज नको, एकच बाटली. रिकाम्या पोटी जाऊ नका, येताना गाडी स्वतः चालवू नका. सुईची जागा नंतर लाल झाली, शीर दोरीसारखी कडक लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर क्लिनिकच्या उत्तराची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा.

वडिलांसाठी मात्र माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. पंपिंग कमी असलेल्या हृदयाला तीन-चार तासांत अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ म्हणजे दिवसभराच्या पथ्यावर पाणी फिरवणं. मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. छातीत पाणी साचून रात्रीत धाप लागू शकते. त्यांचा थकवा अलीकडे वाढला असेल तर रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, नडगीवर बोट दाबल्यावर खड्डा राहिला किंवा झोपताना जास्त उशा लागू लागल्या, तर त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी हाताशी ठेवा.